जुनी लक्झरी एसयूव्ही घेण्याआधी काय काय तपासायचं? (दापोली-रत्नागिरी पट्टा)

आसूदबाग

नमस्कार मंडळी. जुनी डिझेल लक्झरी एसयूव्ही घ्यायचं चाललंय. साल २०१६ ते २०१९, ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्राइव्ह. पाहण्यात तीन आहेत. एक एमएच ०८ पासिंगची, किनाऱ्यालगतच्या गावात वापरलेली. दुसरी एमएच ०९, कोल्हापूरची. तिसरी पुण्याच्या डीलरकडची. तिघेही छातीठोकपणे 'शोरूम कंडिशन' सांगतात. घेतल्यावर गाडी समुद्रापासून चार-पाच किलोमीटरवर उभी राहील आणि वापर घाटातलाच जास्त. आपल्याकडच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात वापरलेल्या गाडीत वेगळं काय बघायचं, यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दहाचा पाना

आधी गाडी लिफ्टवर चढवा, इंजिनाकडे नंतर वळा. या गाड्यांचं पोट प्लास्टिकच्या नाहीतर फेल्टच्या पत्र्यांनी पूर्ण झाकलेलं असतं. नुसतं वाकून बघितलं तर काळं प्लास्टिक दिसतं आणि सगळं छान वाटतं. ते अंडरट्रे उतरवायला लावा. टी२५, टी३०चे टॉर्क्स बिट आणि ८ व १० नंबरचे सॉकेट एवढ्यावर बहुतेक गाड्यांचं काम होतं. विकणारा 'त्याला हात लावू नका' म्हणाला तर तिथेच पुढचं बोलणं थांबवा.

ट्रेमध्ये वाळू सापडली तर गाडी पुळणीवर फिरलेली आहे. हर्णै-मुरूड, गुहागर, आरे-वारे, कुठेही असो. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला या फेरीबोटींच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी चाकं खाऱ्या पाण्यातूनच चढतात, त्यामुळे थोडाफार क्षार सगळ्यांच्याच पोटाला लागतो. तो वेळच्या वेळी धुतला गेला की नाही, एवढंच बघायचं.

गंजाची प्रतवारी करा. सस्पेन्शनच्या आर्मवर, बोल्टच्या डोक्यावर तपकिरी पावडर असेल तर सोडून द्या, आपल्याकडे ती दोन पावसाळ्यांत येते. पापुद्रे सुटणारा गंज वेगळा. तो शोधायच्या जागा: मागच्या सबफ्रेमचे (सस्पेन्शन धरणारा खालचा सांगाडा) माउंट, ब्रेक पाइप क्लिपमध्ये अडकवलेत ती ठिकाणं, डिझेल टाकीचे पट्टे, एक्झॉस्टचे फ्लँज, आणि स्पेअर चाकाचा खड्डा खालच्या बाजूने. ब्रेक पाइपवर नखाने खरवडा. खरबरीत, फुगलेला लागला तर पूर्ण लाइन बदलावी लागणार असं धरून चाला.

लोखंडी बोल्ट जिथे ॲल्युमिनियममध्ये बसतो तिथे पांढरी भुकटी धरते. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जाणारच. असे बोल्ट सहज सुटत नाहीत, तुटतात. साधा लोअर आर्म बदलायच्या कामात मग अख्खा नकल (चाकाचा हब ज्यावर बसतो तो भाग) बदलायची वेळ येते.

खालून ताजं काळं अंडरकोटिंग दिसलं तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज ठीक. बद्द आवाज आला किंवा पोपडा सुटला की समजा गंजावरच रंग फासलाय. फॉर्च्युनर, एंडेव्हरसारख्या चॅसिसवाल्या गाड्यांत चॅसिसच्या पोकळ पट्टीला पाणी निघायची भोकं असतात. ती चिखलाने बुजलेली असतील तर चॅसिस आतून कुजते आणि बाहेरून काहीच कळत नाही. भोकात बोट घालून बघा.

वाशिष्ठीकाठ

वरचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. मी पुरातल्या गाड्यांबद्दल लिहितो, कारण त्यावर बराच गैरसमज आहे.

खाली लाल माती दिसली की लोक 'बुडालेली गाडी' म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे जांभ्याची लाल माती प्रत्येक गाडीच्या चाकांच्या कमानीत, बंपरमागे, बिजागरांत सापडणारच. तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. पुराचा गाळ बारीक, राखाडी-पिवळट आणि मेणचट असतो, आणि चाकाने उडवलेला चिखल पोचणार नाही अशा जागी बसतो. त्याच जागा बघायच्या.

पुढची सीट पूर्ण मागे, मग पूर्ण पुढे घ्या आणि रुळांच्या खाचेत टॉर्च मारा. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात, ते एअरबॅगचे. मोबाइल खाली सरकवून त्यांचा जवळून फोटो काढा. पिनांवर हिरवट किंवा पांढरं काही दिसलं तर पाणी तिथवर चढलं होतं. सीटचे चारही बोल्ट पाहा: गंज आहे का, आणि डोक्यावर पाना लागल्याच्या ताज्या खुणा आहेत का. गालिचा धुवायला सीट काढावीच लागते.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटची वीत-दीड वीत पट्टी कोणी धूत नाही, तिथे पाण्याची रेष राहते. बेल्टच्या टोकाला निर्मितीची तारीख असलेलं लेबल असतं. चारांपैकी एकच बेल्ट नवा असेल तर का, ते विचारा.

दाराखालची प्लास्टिकची पट्टी उचकटून गालिच्याखालचा फोम दाबा. वरचा गालिचा दोन दिवसांत वाळतो, खालचा जाड फोम आठवडेच्या आठवडे ओला राहतो. टिश्यू पेपर लावून दाबला की लगेच कळतं. हे महत्त्वाचं यासाठी, की या गाड्यांचे कंट्रोल युनिट आणि वायरिंगचे जोड नेमके खाली, सीटखाली, गालिच्याखाली किंवा डिकीच्या कोपऱ्यात असतात. बॅटरीही बऱ्याच गाड्यांत डिकीत किंवा सीटखाली असते. साध्या गाडीत घोट्याएवढं पाणी आलं तर गालिचा वाळवून भागतं, इथे तेवढ्याच पाण्यात लाखाच्या घरातले मोड्यूल जातात. तेही लगेच नाही. पिना हळूहळू कुजतात आणि सहा-आठ महिन्यांनी डॅशवर बिघाडाचा एकेक दिवा लागायला लागतो.

शेवटची आणि पक्की खूण म्हणजे पुढच्या-मागच्या डिफरेन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारं गिअरचं घर) आणि ट्रान्स्फर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारं घर) तेल. त्यांना हवा खेळायला ब्रीदर असतो. गरम घर पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. फिलर प्लग सोडून करंगळी बुडवा. दुधाळ तेल असेल तर हात जोडून परत फिरा.

तारखाही लक्षात ठेवा. चिपळूण आणि महाड जुलै २०२१. कोल्हापूर-सांगली ऑगस्ट २०१९ आणि पुन्हा जुलै २०२१. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये या महिन्यांनंतर मोठं बिल आहे का, की मध्येच रेकॉर्ड गायब आहे, ते बघा. पुण्याची गाडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बुडालेल्या गाड्या लिलावातून दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात जातात. पासिंगवरून गाडी कुठे भिजली ते कळत नाही.

कुडाळचो

गाडी खालसून बघल्याशिवाय एक पैसो देव नकात, ह्या सगळ्यांनी सांगितलाच. आता वरसून बघूया.

पॅनोरमिक सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या नळ्या असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पानांच्या चुऱ्याने आणि आंब्याच्या मोहोराने बुजतात. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो. नळी बुजली की ते पाणी खांबातून उतरून थेट पायाखाली येतं. म्हणजे गाडी पुरात न जाताही वाशिष्ठीकाठ यांनी सांगितलेली बरीच लक्षणं दिसू शकतात. फरक एवढाच, की इथे एकच कोपरा ओला असतो आणि गाळ नसतो.

तपासणी सोपी. सनरूफ उघडून पन्हळीच्या पुढच्या कोपऱ्यात साधारण पाव लिटर पाणी सावकाश ओता. मिनिटभरात पुढच्या चाकामागे किंवा दाराच्या बिजागराजवळ खाली टपकायला हवं. पन्हळीतच साचून राहिलं तर नळी बंद आहे. मागच्या कोपऱ्यांनाही तसंच करा आणि डिकीतलं स्पेअर चाक काढून खड्डा कोरडा आहे का पाहा.

बुरशी: लेदर सीटची शिवण, स्टिअरिंगची खालची बाजू, सीटबेल्ट आणि छताचं कापड. गाडीत बसल्याबसल्या अत्तराचा भपका आला तर एसी बंद करून काचा लावा आणि दहा मिनिटं उन्हात उभी ठेवा. खरा वास आपसूक वर येतो.

उंदीर: बागेतल्या घरी उभ्या गाडीत इंजिनावरचं प्लास्टिक कव्हर काढलंच पाहिजे. खाली काजूची टरफलं, सुकलेलं गवत सापडलं तर वायरिंग वीतभर-वीतभर तपासा. काळ्या टेपने गुंडाळलेला जोड कंपनीचा नसतो.

आसूदबाग

जबरदस्त माहिती. दोन प्रश्न. बाजारात मिळणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर पुरेसा आहे का? आणि इंजिनात मॉडेलनुसार काय बघायचं?

खाडीपल्याड

साधा स्कॅनर दोन गोष्टींपुरता छान. एक, 'कोड (गाडीने नोंदवलेले बिघाड) पुसल्यापासून किती किलोमीटर' हा आकडा. दुसरं, रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या यंत्रणांच्या घेते त्या चाचण्या) पूर्ण आहेत की नाहीत. शून्य कोड, पुसल्यापासून ३० किमी, मॉनिटर अपूर्ण, असं दिसलं तर गाडी दाखवायच्या आधी कोणीतरी दिवे विझवले आहेत.

पण एअरबॅग, गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन, ट्रान्स्फर केस यांच्या आत शिरायला त्या-त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचं सॉफ्टवेअर लागतं: ऑडीला व्हीसीडीएस, बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री. त्यासाठी घाट चढून कोल्हापूर-पुणे गाठावं लागलं तरी गाठा. तिथे किलोमीटर एकाहून जास्त मोड्यूलमधून वाचून घ्या. मीटर मागे फिरवणारा सगळीकडचे आकडे बदलतोच असं नाही.

आता इंजिनं. बीएमडब्ल्यूचं एन४७ डिझेल (जुन्या एक्स१, एक्स३ मध्ये) टायमिंग चेनसाठी बदनाम आहे. चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने ती बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. नंतर आलेलं बी४७ या बाबतीत बरं. मर्सिडीजचं ओएम६५१, ऑडीचं ३.० टीडीआय आणि लँड रोव्हरचं २.० इंजिनियम डिझेल, यांचीही चेन मागेच आहे. म्हणून बोनेट उघडलेलं ठेवून गाडी थंड असताना सुरू करायची आणि कान इंजिनाच्या मागच्या टोकाला, म्हणजे काचेच्या बाजूला लावायचा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड झाली किंवा १५०० ते २००० आरपीएमला साखळी घासल्यासारखा आवाज टिकून राहिला तर खर्च सहा आकडी. तुम्ही पोचायच्या आधीच विकणाऱ्याने इंजिन गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

मर्सिडीजच्या ३५० सीडीआयमधलं व्ही६ (ओएम६४२): दोन सिलिंडर रांगांच्या मधल्या दरीत ऑइल कूलर बसतो, त्याचे सील झिरपतात. तेल मागून गिअरबॉक्सच्या जोडावर उतरतं, आणि लोक 'मागचा सील गेलाय' म्हणतात. सील स्वस्त, मजुरी मोठी, कारण वरचा सगळा पसारा काढावा लागतो.

इंजिनियममध्ये तेलाची पातळी बघा. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणारी जाळी) रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, अर्धवट सुटतं आणि डिझेल तेलात उतरतं. पातळी कमाल खुणेच्या वर आणि तेलाला डिझेलचा वास, असं असेल तर बेअरिंगने पातळ तेलावर किती काळ काढला ते सांगता येत नाही. गावातल्या गावात बाजारहाटाला वापरलेल्या कुठल्याही डीपीएफवाल्या डिझेलला हे लागू. कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी, हे डिझेलला तरी खरं नाही.

गिअरबॉक्स झेडएफचा ८ स्पीड असेल तर 'लाइफटाइम ऑइल' या शब्दावर जाऊ नका. खुद्द झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किमीच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे अख्खा पॅन बदलतात. त्याचं बिल असेल तर मागचा मालक जाणता होता.

दहाचा पाना

@खाडीपल्याड, +१. रंगाबद्दल एक राहिलं. लोहचुंबक घेऊन जाणारे बरेच आहेत. दुसऱ्या पिढीच्या क्यू७ची दारं, बोनेट, फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत आणि २०१२ नंतरच्या मोठ्या रेंज रोव्हरची तर अख्खी बॉडी. तिथे चुंबक चिकटतच नाही आणि पुट्टी आहे असं वाटून भलतीच घासाघीस सुरू होते. लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही मोजणारं पेंट गेज घ्या. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. २०० ते ३०० म्हणजे पुन्हा मारलेला, त्याच्या वर पुट्टी. दार किंवा बंपर रंगवलेला असेल तर वाहनाच्या वयाला साजेसं आहे. छत, खांब आणि मागचा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा बॉडीचा पत्रा) यांवर मोठा आकडा आला तर मात्र अपघात मोठा होता.

एअर सस्पेन्शन: संध्याकाळी सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही अंतरं मोजा. सकाळी गाडी न उघडता पुन्हा मोजा. चार-पाच मिमी फरक तापमानामुळेही पडतो. एकच कोपरा १५-२० मिमी बसला असेल तर तिथला फुगा (स्प्रिंगच्या जागी असलेली हवेची पिशवी) गळतोय. फुग्याच्या घडीवर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात. गळका फुगा कॉम्प्रेसरला सतत पळवतो, म्हणून एका फुग्याचं दुखणं कॉम्प्रेसरवर जातं. दमट हवेत कॉम्प्रेसरच्या ड्रायरमधली सिलिका लवकर भरते आणि ओल वाल्व्ह ब्लॉकमध्ये जाते. किनाऱ्यावरच्या गाडीत दोन्ही एकत्र धरूनच भाव करा.

ट्रायल घाटातच घ्या. आंबा, कुंभार्ली, जवळ असेल तो. चढताना कूलंटचं तापमान स्कॅनरवर बघत राहा, कारण बऱ्याच गाड्यांचा डॅशवरचा काटा मधल्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. वर पोचल्यावर एसी चालू ठेवून दहा मिनिटं आयडल. गोडसर वास आला तर कूलंट कुठेतरी गळतंय. खारी हवा एसी कंडेन्सरच्या पाकळ्या खाते, बंपरच्या जाळीतून बोट लावलं आणि त्या चुरल्या तर एसीचं काम निघणार. उतरताना मॅन्युअल मोडमध्ये तिसरा-दुसरा टाका, धक्का बसता कामा नये. चढावर इलेक्ट्रिक हँडब्रेक लावून ब्रेकवरचा पाय काढा. मागच्या कॅलिपरच्या मोटरी आपल्याकडे गंजून अडकतात.

आकडेमोड

कागदांचं थोडक्यात: वाहन पोर्टलवर कर्ज, विमा, पीयूसी बघा. ई-चलन वेगळं तपासा. फॉर्म २९ आणि ३० मालकी बदलाला, बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८. गोवा पासिंग स्वस्त दिसतं, पण इथे आणल्यावर महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो आधी आरटीओतून काढून घ्या आणि मगच तुलना करा. विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास मालकाला मेलवर मागवायला सांगा. दोन चाव्या हव्यातच.

आसूदबाग

एमएच ०८ ची तपासणी झाली. नाव मुद्दाम देत नाही, नुसते आकडे देतो.

पुढचे टायर १४२३, खोली ७ मिमी. मागचे ३११८, दुसऱ्या कंपनीचे, ३ मिमी. रंग सगळीकडे ११० ते १३०, मागचं डावं दार ३४०, त्यामागचा क्वार्टर १२८. मागचा डावा कोपरा रात्रीत १८ मिमी बसला, बाकी तीन ३ ते ४. अंडरट्रेमध्ये वाळू आहे, सबफ्रेमच्या बोल्टाशी पांढरी भुकटी, ब्रेक पाइप स्वच्छ. सीटबेल्ट, कनेक्टर, डिफरेन्शियलचं तेल ठीक. कोड शून्य, पुसल्यापासून ३८ किमी. सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवलं तर काळंकुट्ट. मॅन्युअलमध्ये डीपीएफ आहे असं लिहिलंय.

खाडीपल्याड

दाराचं सोडून द्या, क्वार्टर १२८ आहे म्हणजे मार दारापुरताच होता.

टायरचं मात्र गंभीर आहे. १४२३ म्हणजे २०२३ चा चौदावा आठवडा, ३११८ म्हणजे २०१८ चा एकतिसावा. नक्षीच्या खोलीत ४ मिमी फरक, म्हणजे चाकाच्या घेरात साधारण २५ मिमी. पुढची आणि मागची चाकं प्रत्येक फेऱ्यात तेवढी पुढेमागे होतात आणि ती चूक ट्रान्स्फर केसमधला क्लच सतत घसरून भरून काढतो. कोरड्या, मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा. गाडी हिसके देत, थबकत चालली तर क्लच भाजलाय. गोल फिरण्यात काही जाणवलं नाही तरी चार टायर आणि ट्रान्स्फर केसचं तेल किमतीतून वजा करा.

दहाचा पाना

आणि काळी नळी. डीपीएफ शाबूत असलेल्या डिझेलच्या नळीत बोटाला जेमतेम करडी धूळ लागते. काजळी लागली म्हणजे आतली जाळी फुटलीय किंवा कोणीतरी कापून काढून वर मॅप मारलाय (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललंय). त्यात कोड नुकतेच पुसलेले. दोन्ही एकत्र आले की योगायोग म्हणू नये.

खात्री करायची तर स्कॅनरवर डीपीएफचं डिफरेन्शियल प्रेशर लावा. आयडलला अगदी थोडं दिसेल, ३००० आरपीएमला स्पष्ट चढायला हवं. शून्याच्या आसपासच रेंगाळलं तर आत काही नाही. शिवाय लिफ्टवर डीपीएफच्या डब्याला वेल्डिंगची जाड, हाताने मारलेली शिवण आहे का पाहा. कंपनीची शिवण एकसारखी असते. पोकळ निघाला तर भाव पाडायच्या भानगडीत पडू नका, नवा डीपीएफ, सेन्सर आणि मूळ सॉफ्टवेअर परत टाकणं यात सुटलेला सगळा पैसा जातो, आणि तोवर गाडी रस्त्यावर बेकायदा.

आसूदबाग

प्रेशर बघितलं. आयडललाही शून्य, ३००० ला पण शून्य. वेल्डिंगही आहे. ही रद्द. आता कोल्हापूरची.

वाशिष्ठीकाठ

निघण्याआधी चॅसिस नंबर मागून घ्या आणि अधिकृत वर्कशॉपमधून ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुढचे जॉबकार्ड मालकामार्फत काढून घ्या. त्यात मोड्यूल, वायरिंग, गालिचा, डिफरेन्शियल ऑइल यातलं काहीही एकत्र दिसलं तर डिझेल जाळून घाट चढू नका. काही नसेल तर टॉर्च, टिश्यू, १० चं सॉकेट घेऊन सकाळी लवकर पोचा. इंजिन थंड सापडलं पाहिजे.